चहातली कॅप्सूल आणि रात्रपाळीची झोप

भोसरीतल्या एका मेडिकल दुकानात मी अकरा वर्षांपासून फार्मासिस्ट म्हणून काम करते. आमच्याकडे येणाऱ्यांत एमआयडीसीतले कामगार सगळ्यात जास्त. पूर्वी त्यांच्या मागण्या ठरलेल्या असायच्या: अ‍ॅसिडिटीची गोळी, कंबरदुखीचा मलम, हाताला लागलं तर पट्टी. गेल्या दोनेक वर्षांत त्यात एक भर पडली आहे. तरुण मुलं मोबाइलवरचा फोटो पुढे करतात आणि विचारतात, "मॅडम, हे एल-थेनिन आहे का? डोकं क्लिअर राहतं म्हणे."

मग एके दिवशी तीच बाटली आमच्या घरात आली. माझे मिस्टर चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये सेटर आहेत. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. फर्स्ट, सेकंड, नाईट, पुन्हा फर्स्ट. वय त्रेचाळीस. नाईटच्या आठवड्यात पहाटे तीन-चारच्या सुमाराला डोक्यावर झापड येते, समोरचं माप दोनदा बघावं लागतं, असं ते बऱ्याच दिवसांपासून म्हणत होते. लाईनवरच्या एका सोबत्याने ही बाटली सुचवली. वर चहाच्या पानाचं हिरवंगार चित्र, आत साठ कॅप्सूल.

बाटली जेवणाच्या दस्तरखानावर ठेवली गेली आणि प्रश्न सुरू झाले. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "चहातलंच आहे ना? मग चहाच प्या की. विकत कशाला आणायचं?" दहावीतली लेक म्हणाली, "मम्मी, परीक्षेला मीपण घेऊ?" आणि मिस्टरांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता. "हे नशेचं तर नाही ना? आणि हलाल आहे का, ते आधी बघ."

हे प्रश्न आज नाही तर उद्या आपल्यापैकी बऱ्याच घरांत येतील. म्हणून मी जे वाचलं, पडताळलं आणि घरात पाहिलं, ते सांगते.

थेनिन हे एक अमिनो आम्ल आहे. १९४९ साली जपानमध्ये चहाच्या पानांत ते पहिल्यांदा ओळखलं गेलं. चहाचं झुडूप ते मुळांत तयार करतं आणि तिथून वर पानांत पाठवतं. पानांवर ऊन पडलं की त्यातलं बरंचसं मोडतं आणि चहाला तुरटपणा देणारी द्रव्यं बनतात. म्हणून जपानमध्ये ग्योकुरोसारखे भारी चहा तोडणीआधी काही आठवडे सावलीत वाढवतात. त्या चहाची जी गोडसर, मांसाच्या रश्श्यासारखी भरीव चव असते, ती बरीचशी थेनिनची.

पोटात गेल्यावर ते रक्तात उतरतं आणि रक्तातून मेंदूपर्यंत पोचतं. माणूस जागा असून शांत असतो, तेव्हा मेंदूत ज्या लहरी उठतात त्यांना अल्फा लहरी म्हणतात. थेनिन घेतल्यावर त्या वाढल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. त्याने धुंदी येत नाही, तोल जात नाही, झोपेच्या गोळीसारखी गुंगीही येत नाही. तेव्हा नशेच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं: नाही.

हलालच्या प्रश्नाला मात्र बाटली उलटून बारीक अक्षरं वाचावी लागली. इथे दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या असतात, आतली पूड आणि बाहेरचं कवच. पुडीबद्दल एक गंमत सांगते. बाटलीवर चहाचं पान असलं तरी आतलं थेनिन चहाच्या मळ्यातून आलेलं असेलच असं नाही. पानांतून ते काढणं महाग पडतं, म्हणून पुष्कळ कंपन्या जिवाणूंच्या विकरांच्या मदतीने टाकीत तेच द्रव्य तयार करतात. रचना तीच, काम तेच. खरी अडचण कवचाची. मऊ असो वा कडक, कॅप्सूलचं कवच पुष्कळदा जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं. ते जनावर कुठलं, जबिहा होतं की नाही, हे लेबलवर लिहिलेलं नसतं. जिलेटिनचं रूप बदलल्याने हुकूम बदलतो का, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. आम्ही घरात शंकेची वाट न धरता सोपा मार्ग घेतला. वनस्पतीच्या तंतूपासून बनवलेलं कवचही मिळतं. लेबलवर 'एचपीएमसी' किंवा 'हायप्रोमेलोज' असं लिहिलेलं असतं. आणलेली बाटली जिलेटिनची निघाली. सील तोडलेलं नव्हतं, म्हणून ती परत करून दुसरी आणली.

आता अम्मींचा प्रश्न. चहातलंच आहे तर चहाच का नको? २०११ साली ब्रिटनमधल्या एका प्रयोगशाळेने बाजारातले चहा मोजून बघितले. दोनशे मिलिलिटरच्या काळ्या चहाच्या कपात सरासरी २४ मिलिग्रॅमच्या आसपास थेनिन निघालं. आपल्याला वाटतं ग्रीन टीत जास्त असेल, पण त्यांच्या मोजणीत ग्रीन टीच्या कपात त्याहून कमी होतं, साधारण आठ मिलिग्रॅम. आणि दूध भरपूर घातलं की हाती लागणारं थेनिन आणखी कमी झालं. आमच्या घरचा चहा निम्म्याला निम्मं दुधाचा, कपही लहान. म्हणजे कॅप्सूलमधल्या दोनशे मिलिग्रॅमची बरोबरी करायची, तर बिनदुधाचे मोठे आठ कप प्यावे लागतील. अम्मी हिशोब ऐकून म्हणाल्या, "आठ कप प्यायल्यावर माणूस झोपणार कधी?"

त्यांनी नेमकं बोट ठेवलं. चहात कॅफिनही असतं, एका मोठ्या कपात साधारण चाळीस मिलिग्रॅम. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं अंगातून जायला पाच तास तरी लागतात. नाईटला पहाटे पाचच्या ब्रेकमध्ये घेतलेला कडक चहा सकाळी नऊला, अंथरुणावर पडल्यावरही अंगात जागाच असतो. म्हणून बाटली घेताना आणखी एक गोष्ट बघावी. 'फोकस' किंवा 'एनर्जी' असं नाव असलेल्या पुष्कळ उत्पादनांत थेनिनबरोबर कॅफिनही मिसळलेलं असतं. किती मिलिग्रॅम, हे लेबलवर आकड्यात नसेल तर ते उत्पादन घेऊ नये.

उरला माझा प्रश्न. याचा खरंच उपयोग होतो का?

थोडा होतो, असं काही प्रयोग सांगतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४४ तरुणांना ९७ मिलिग्रॅम थेनिन आणि ४० मिलिग्रॅम कॅफिन एकत्र दिलं. एका कामावरून दुसऱ्या कामावर लक्ष वळवताना त्यांच्या चुका कमी झाल्या आणि त्यांना कमी थकवा वाटला. २०१९ साली जपानमध्ये ३० निरोगी माणसांना चार आठवडे रोज २०० मिलिग्रॅम थेनिन दिलं, तेव्हा ताणाच्या तक्रारी आणि झोपेच्या तक्रारी काहीशा कमी झाल्या. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०११ साली युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यावेळचे पुरावे तपासले आणि थेनिनमुळे बुद्धी तल्लख होते, ताण कमी होतो किंवा झोप सुधारते, असं सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष दिला. हे सगळे प्रयोग लहान आहेत. चाळीस-पन्नास माणसांवरून लाखो कामगारांबद्दल बोलता येत नाही.

आपण ज्या शहरात राहतो, त्याला औषध म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती देशाला पेनिसिलिन पुरवण्यासाठी. पेनिसिलिन लागू पडणाऱ्या आजारात दिलं की ताप उतरतो आणि उतरलेला दिसतो. औषध बाजारात येण्याआधी ते काम करतं हे दाखवावं लागतं. थेनिनची बाटली या रांगेत बसत नाही. आपल्याकडे ती औषध म्हणून विकली जात नाही, पूरक आहार म्हणून विकली जाते. तिच्यावर देखरेख अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, एफएसएसएआयची असते आणि औषधी वापरासाठी नाही अशी सूचना लेबलवर छापावी लागते. मी गिऱ्हाइकाला ती ओळ बोटाने दाखवते. पुष्कळांनी ती वाचलेली नसते.

हे सगळं वाचत असताना मला दुसराच एक प्रयोग सापडला. तो थेनिनबद्दल नव्हता, पण आमच्या घरातला खरा प्रश्न त्यात होता.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी माणसांना सलग जागं ठेवून त्यांच्या हाताची आणि नजरेची चाचणी घेतली. मग त्याच माणसांना मोजून दारू देऊन तीच चाचणी पुन्हा घेतली. सतरा तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकाच ढिला पडलेला निघाला. चोवीस तास जागं राहिल्यावर ती पातळी ०.१० टक्क्यांच्या आसपास गेली. आपल्या देशात गाडी चालवताना रक्तात चालणारी मर्यादा ०.०३ टक्के आहे.

मी कागद घेऊन मिस्टरांचा नाईटचा पहिला दिवस मांडला. सोमवारी फजरला, साडेपाचला उठले. दिवसभर बँक, मुलांची शाळा, नळाचं काम. दुपारी पाहुणे आले म्हणून आडवे झाले नाहीत. रात्री पावणेदहाला मोशीतून कंपनीची बस. कुरुळी, आळंदी फाटा, मग चाकणची कोंडी. अकराला शिफ्ट सुरू. साडेपाच ते साडेदहा म्हणजे सतरा तास. मशीनचं पहिलं बटण दाबण्याआधीच सतरा तास भरलेले. आणि सकाळी सातला सुटतात, तेव्हा साडेपंचवीस तास.

ज्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, तो माणूस प्रेससमोर अशा अवस्थेत उभा राहतो. त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो.

ही भीती पुस्तकातली नाही. गेल्या वर्षी मिस्टरांच्या ओळखीच्या एका मुलाची दोन बोटं प्रेसखाली गेली. कंत्राटावर होता, बावीस वर्षांचा. सलग दुसरी शिफ्ट करत होता. अशा अपघातांची नोंद ठेवणारी सेफ इन इंडिया नावाची संस्था २०१९ पासून दरवर्षी अहवाल काढते. वाहन उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत बोटं, हात गमावणाऱ्या कामगारांच्या त्या कहाण्यांत पॉवर प्रेस आणि कामाचे लांबलेले तास या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात.

मग कॅप्सूलचं काय केलं? घेऊन बघितली. डॉक्टरांना विचारलं, मिस्टरांना रक्तदाबाचं औषध चालू नाही याची खात्री केली आणि एक महिना ठरवला. माझ्या दुकानातल्या सवयीने मी एक वही केली. रोज तीन गोष्टी लिहायच्या: किती तास झोप, कॅप्सूल घेतली की नाही, आणि शिफ्टच्या शेवटी डोकं कसं होतं, दहापैकी किती. महिन्याच्या शेवटी वही चाळली. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात कॅप्सूल घेतलेल्या दिवशी त्यांना थोडं शांत वाटलं होतं, बारीक गोष्टींवर चिडचिड कमी झाली होती. नाईटच्या आठवड्यात मात्र कॅप्सूलचा आणि आकड्यांचा काही संबंध दिसेना. संबंध होता तो झोपेचा. सहा तास झोप झाली की सात-आठ गुण, चार तास झाली की तीन-चार. कॅप्सूल घेतली असली तरीही. एका माणसाची एक वही म्हणजे संशोधन नव्हे, हे मला कळतं. पण घर कसं चालवायचं हे ठरवायला ती पुरेशी होती.

अल्हमदुलिल्लाह, घर बदललं. पिंपरी कॅम्पातून जाड काळ्या कापडाचे पडदे आणले, आतल्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांना लावले. नाईटच्या आठवड्यात डोअरबेल बंद, मोबाइल बाहेरच्या खोलीत, कुकर सकाळी आठच्या आत. सकाळी बसमधून येताना मिस्टर गॉगल लावतात. सोबती हसतात, पण सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की शरीराला वाटतं दिवस उगवला, आणि झोप पळते. घरी आल्यावर हलका नाश्ता, पावणेनऊला अंथरूण. दोनच्या सुमाराला उठून जोहर, मग जेवण. शिफ्टमध्ये रात्री दोननंतर चहा नाही.

नाईटच्या पहिल्या दिवसाची अडचण वेगळी होती, कारण त्या दिवशी ते फजरपासून जागे असतात. त्यावर अम्मींनीच तोड काढली. असर ते मगरिबच्या मध्ये झोपू नये, हा त्यांचा जुना दंडक. त्या म्हणाल्या, "जोहरनंतर कैलूला आहे की. सुन्नतच आहे. जोहर झाली की झोपायचं आणि असरच्या अजानला उठायचं." आता सोमवारी जोहरनंतर आमच्याकडे पाहुणे येत नाहीत. नातेवाइकांना अम्मींनी स्वतः फोन करून सांगितलं आहे की पोराला नाईट आहे, यायचं तर मगरिबनंतर या. सुनेने सांगितलं असतं तर चार लोक बोलले असते. आईने सांगितल्यावर कुणी बोललं नाही.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. रात्रपाळीच्या माणसाची दिवसाची झोप आपल्या घरांत आळस समजली जाते. "दुपारपर्यंत लोळतोय" असं सहज बोललं जातं. पाव आणायला, मुलाला क्लासला सोडायला त्यालाच उठवलं जातं, कारण तो घरी असतो. आठ तासांचं काम करून आलेल्या माणसाची ती रात्र आहे, हे घरातल्या लहानांपासून थोरांपर्यंत सगळ्यांना सांगायला लागतं. आणि नाईट करणारी बाई असेल, तर तिच्या वाट्याला तेवढीही झोप येत नाही. नर्स असो, असेंब्ली लाईनवरची मुलगी असो, घरी आल्यावर तिची दुसरी शिफ्ट ओट्यापाशी सुरू होते. तिच्यासाठी काळा पडदा लावणारं कुणी घरात आहे का, हेही बघायला हवं.

ओव्हरटाइमबद्दलही घरात बसून बोलावं. कारखान्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४८ च्या कायद्याने घातली आणि जादा तासांना दुप्पट दर ठरवला. दुप्पट पैशाचा मोह मला कळतो. आमचाही घराचा हप्ता आहे. पण नाईटला जोडून फर्स्ट शिफ्ट करायची नाही, हे आम्ही ठरवलं आहे. लाईनवर नाही म्हणायला जड जातं, कंत्राटावरच्या मुलाला तर फारच. घरून "आज ये, पैसे राहू देत" असा फोन गेला की त्याला नाही म्हणायला थोडं बळ मिळतं.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तरही देऊन टाकते. नाही. वाढत्या वयाच्या मुलांनी परीक्षेसाठी असल्या कॅप्सूल घेऊ नयेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही लांब राहावं, कारण त्यांच्यासाठी ते सुरक्षित आहे असं म्हणण्याइतकी माहिती जमलेली नाही. रक्तदाबाची, झोपेची किंवा मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रमजानमध्ये रोजा, तरावीह, सहरी आणि त्यात शिफ्ट, असं असताना बरेच जण सहरीला असं काहीतरी घेऊ बघतात. त्याऐवजी त्या महिन्यात जोहरनंतरची अर्ध्या तासाची झोप सांभाळा.

ज्यांना घ्यायचंच आहे, त्यांनी चार गोष्टी बघाव्यात. थेनिन किती मिलिग्रॅम आहे ते आकड्यात लिहिलेलं असावं. कॅफिन मिसळलेलं आहे का ते वाचावं. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असावा. आणि कवच कशाचं आहे ते बघावं. अमेरिकेत एका वेळेला २५० मिलिग्रॅमपर्यंत खाद्यपदार्थात वापरायला तिथल्या सरकारी खात्याने २००७ साली हरकत घेतली नाही. तेवढ्याच्या आत राहावं. महिनाभर घेऊन फरक वाटला नाही तर बंद करावं. आमच्या दुकानात अशी बाटली सातशे ते बाराशे रुपयांना जाते. तेवढ्या पैशात दोन खिडक्यांचे जाड पडदे येतात.

आमच्याकडे ती बाटली अजून फडताळात आहे, अर्ध्याहून अधिक भरलेली. सेकंड शिफ्टला कधीतरी मिस्टर एखादी घेतात. नाईटच्या आठवड्यात तिकडे हात जात नाही. सोमवारी दुपारी दोन वाजले की धाकटा स्वतःहून टीव्ही बंद करतो आणि मोठ्या बहिणीला दटावतो, "हळू बोल, अब्बांची रात्र झालीय."